आधी अक्षर, मग आकडेमोड: किचकट गणितं बीजगणितानं सोडवण्याची रीत

हे गणित बघा.

√(२०२३ × २०२५ × २०२७ × २०२९ + १६) = ?

आत चार अंकी चार संख्यांचा गुणाकार आहे, म्हणजे चौदा अंकी संख्या. दुकानात गल्ल्याशेजारी असतो तो बारा अंकी कॅल्क्युलेटर इथे हात टेकतो. मोबाइल उत्तर देईल, पण एवढ्या मोठ्या संख्येचं वर्गमूळ नेमकं पूर्ण संख्येत कसं आलं हे तो सांगणार नाही. शिवाय दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत किंवा जेईईला कॅल्क्युलेटर नेताच येत नाही.

या चार संख्यांच्या बरोबर मधोमध २०२६ आहे. तिला न म्हणू. मग चार संख्या होतात न − ३, न − १, न + १ आणि न + ३. टोकाच्या दोघींची एक जोडी, मधल्या दोघींची दुसरी:

(न − ३)(न + ३) = न² − ९
(न − १)(न + १) = न² − १

या दोन्हींचा गुणाकार न⁴ − १०न² + ९. त्यात १६ मिळवले की न⁴ − १०न² + २५ होतात, आणि हा (न² − ५) चा पूर्ण वर्ग आहे. उत्तर झालं न² − ५. २०२६ चा वर्ग ४१,०४,६७६. त्यातून ५ गेले, राहिले ४१,०४,६७१.

सगळ्या गणितात प्रत्यक्ष आकडेमोड झाली ती एका वर्गाची. गणित घालणाऱ्यानं १६ उगाच घेतलेले नाहीत. तिथे १५ किंवा १७ असते तर वर्गमूळ पूर्ण संख्येत आलंच नसतं. अशा गणितांतल्या संख्या सहज सुचलेल्या नसतात. त्यांच्यामागे एक बांधणी असते आणि आकड्यांच्या गर्दीत ती दिसत नाही. संख्येच्या जागी अक्षर ठेवलं की ती समोर येते. हे अक्षर नेमकं कुठे ठेवायचं, यातच खरं कसब आहे, म्हणून पुढे सगळ्यात जास्त वेळ त्यावरच दिला आहे.

पहिली पायरी: लिहायला घेण्याआधी बघा

गणित समोर आलं की हात लगेच गुणाकाराकडे जातो. त्याला थोडा वेळ थांबवा आणि स्वतःला तीन गोष्टी विचारा. संख्या एकमेकींच्या आसपास आहेत का, उदाहरणार्थ २०२३ आणि २०२५? दोन संख्यांची बेरीज किंवा वजाबाकी सोपी येते का, जसे ०.७६ आणि ०.२४ मिळून १? एखादा तुकडा जसाच्या तसा पुन्हा आलाय का? तिन्हींची उत्तरं नाही आली, तर बहुधा ते साधं आकडेमोडीचं गणित आहे आणि ते सरळ करावं. ३८४७ × ६२९ मध्ये काहीही दडलेलं नाही. तिथे अक्षरं घालत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

ही नजर आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या लीलावतीत वर्ग काढण्यासाठी ९, १४, २९७ आणि १०,००५ या संख्या दिल्या आहेत. त्यातली २९७ ही संख्या ते ‘तीन कमी तीनशे’ अशी सांगतात. म्हणजे गणिताच्या मांडणीतच रस्ता दाखवलेला आहे. तिथेच वर्ग काढण्याची एक रीत आहे: आपल्या सोयीची एखादी संख्या एकदा वजा करा, एकदा मिळवा, दोन्हींचा गुणाकार करा आणि सोयीच्या संख्येचा वर्ग त्यात मिळवा.

अ² = (अ − ब)(अ + ब) + ब²

२९७ साठी ब = ३ घेतला की २९४ × ३०० + ९ = ८८,२०९. वर २०२६ चा वर्ग हवा होता; तिथे ब = २६ घेतला की २००० × २०५२ + ६७६, म्हणजे ४१,०४,००० + ६७६ = ४१,०४,६७६. ६८ चा वर्ग ६६ × ७० + ४ = ४,६२४. दोघींपैकी एक संख्या शून्यांची झाली की गुणाकार तोंडी होतो. मला विचाराल तर वर्ग तोंडी काढायला याहून चांगली रीत नाही. आणि ती पाठ करावी लागत नाही, कारण तिच्यात अ² − ब² = (अ − ब)(अ + ब) याशिवाय दुसरं काहीच नाही.

तेच सूत्र गुणाकारालाही चालतं. ९,९९,९७३ × १०,००,०२७ मध्ये दोन्ही संख्या दहा लाखांपासून २७ अंतरावर आहेत. म्हणून उत्तर दहा लाखांचा वर्ग वजा ७२९, म्हणजे ९,९९,९९,९९,९९,२७१.

दुसरी पायरी: अक्षर कुणाला द्यायचं

सगळ्यात लहान संख्येला किंवा पहिल्या दिसलेल्या संख्येला अक्षर देण्याची सवय शाळेतल्या शाब्दिक उदाहरणांनी लागते. अशा गणितांत ती सवय नडते. इथे चार जागा आठवणीत ठेवाव्यात: मधली संख्या, पुन्हा पुन्हा येणारा गठ्ठा, एकाच अंकाची संख्या, आणि खुद्द उत्तर.

मधली संख्या आपण पाहिली. कधीकधी मात्र मधोमध पूर्ण संख्या नसते. ४७ × ४८ × ४९ × ५० + १ याचं वर्गमूळ काढायचं आहे. मध्य येतो ४८.५, आणि अपूर्णांक घेऊन काम वाढतं. त्याऐवजी आधी जोड्या लावा: टोकाच्या दोघींचा गुणाकार ४७ × ५० = २३५०, मधल्या दोघींचा ४८ × ४९ = २३५२. या दोन गुणाकारांच्या मध्ये २३५१ आहे. तिला म म्हणा:

(म − १)(म + १) + १ = म²

वर्गमूळ २३५१. कोणत्याही चार लागोपाठच्या संख्या घ्या, दोन जोड्यांच्या गुणाकारांत फरक नेहमी २ चाच असतो, कारण न(न + ३) = न² + ३न आणि (न + १)(न + २) = न² + ३न + २. इथे मध्य मूळ संख्यांचा घ्यायचा नव्हता, गुणाकारांचा घ्यायचा होता. समतोल कुठे आहे ते शोधायचं आणि अक्षर तिथे ठेवायचं.

आता गठ्ठा. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत अशी पदावली भेटते:

(१ + १/२ + १/३ + १/४)(१/२ + १/३ + १/४ + १/५) − (१ + १/२ + १/३ + १/४ + १/५)(१/२ + १/३ + १/४)

छेद समान करायला घेतले तर एक पान भरेल. पण १/२ + १/३ + १/४ हा तुकडा चारही कंसांत आहे. त्याला अ म्हणा, आणि १/२ + १/३ + १/४ + १/५ याला ब. मग

(१ + अ)ब − (१ + ब)अ = ब + अब − अ − अब = ब − अ = १/५

अ ची किंमत किती, हे शेवटपर्यंत काढावंच लागलं नाही. विद्यार्थ्यांना पटायला हेच सगळ्यात जड जातं. अक्षर ठेवलं की त्याची किंमत शोधलीच पाहिजे असं त्यांना वाटतं. इथे अक्षर येतं, काम करतं आणि कटून जातं.

तिसरी जागा एकाच अंकाच्या संख्यांची.

√(१,११,११,१११ − २,२२२) = ?

आठ एक आणि चार दोन. १,१११ ला अ म्हणू. ९,९९९ म्हणजे ९अ, म्हणून १०,००० म्हणजे ९अ + १. आठ एकांची संख्या म्हणजे १,१११ पुढे चार शून्यं आणि त्यात पुन्हा १,१११:

अ(९अ + १) + अ = ९अ² + २अ

त्यातून २,२२२, म्हणजे २अ, गेले की ९अ² उरतो. वर्गमूळ ३अ, म्हणजे ३,३३३. एक आणि दोनच्या रांगांतून तिनांची रांग का निघाली, ते लख्ख दिसतं. सोळा एकांतून आठ दोन वजा केले तरी हीच वाट, तेव्हा उत्तर आठ तिनांचं.

अशा संख्यांबद्दल बोलताना नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांचा ६१७४ सगळ्यांना माहीत आहे: चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा, जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतो. हे खरं आहे का हे तपासायचं तर शून्यानं सुरू होणाऱ्याही धरून ९,९९० संख्या आहेत. पण उतरत्या क्रमानं अंक अ, ब, क, ड असतील तर वजाबाकी होते

९९९(अ − ड) + ९०(ब − क)

म्हणजे चारही अंक जाणून घ्यायची गरज नाही, फक्त दोन फरक पुरतात. पहिला फरक १ ते ९ पैकी, दुसरा शून्यापासून पहिल्या फरकापर्यंत. अशा जोड्या २ + ३ + … + १० = ५४ होतात. ९,९९० तपासण्या ५४ वर आल्या, त्या एका दुपारी वहीत संपतात. ६१७४ वरच करून बघा: ७६४१ − १४६७, फरक ६ आणि २, ९९९ × ६ + ९० × २ = ५९९४ + १८० = ६१७४. माझ्या मते आठवीच्या वर्गात बीजगणित कशासाठी असतं हे सांगायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही, आणि ते आपल्याच मातीतलं आहे.

चौथी जागा म्हणजे खुद्द उत्तर. ही सगळ्यात धाडसी, आणि माझी सगळ्यात आवडती.

∛(२० + १४√२) + ∛(२० − १४√२) = ?

कॅल्क्युलेटरवर आधी √२, मग त्याची चौदा पट, मग घनमूळ, तेही दोनदा. शेवटी ३.९९९९९९९ किंवा ४.०००००००१ असं काहीतरी येईल, आणि ‘चारच असावं’ अशी शंका मनात राहील. बीजगणितात शंका राहत नाही. पहिल्या घनमुळाला प म्हणा, दुसऱ्याला फ, आणि प + फ = क्ष. प आणि फ यांच्या घनांची बेरीज सोपी आहे, २० + २० = ४०, मुळं कटतात. त्यांचा गुणाकारही सोपा आहे:

पफ = ∛(२०² − १४² × २) = ∛(४०० − ३९२) = ∛८ = २

आता (प + फ)³ = प³ + फ³ + ३पफ(प + फ). किमती घातल्या की

क्ष³ = ४० + ६क्ष

क्ष = ४ घातला तर ६४ = ४० + २४, बरोबर. इथेच थांबू नका. या समीकरणाला दुसरं वास्तव उत्तर नाही हेही बघायला हवं: क्ष³ − ६क्ष − ४० = (क्ष − ४)(क्ष² + ४क्ष + १०), आणि दुसऱ्या कंसाचा विवेचक १६ − ४० = −२४ म्हणजे ऋण आहे. त्यामुळे उत्तर ४, अगदी नेमकं ४. प्रत्येक घनमूळ स्वतंत्रपणे काढायचं झालं असतं तर २ + √२ आणि २ − √२ ओळखावे लागले असते. बेरजेलाच नाव दिल्यामुळे ते टळलं.

√(१२ + √(१२ + √(१२ + …))) सारख्या न संपणाऱ्या मुळांनाही हीच रीत: पूर्ण पदावली क्ष असेल तर पहिल्या मुळाच्या आतही क्षच आहे, म्हणून क्ष² = १२ + क्ष, आणि उत्तर ४. समीकरणाचं दुसरं उत्तर −३. वर्गमूळ ऋण नसतं म्हणून ते सोडायचं.

तिसरी पायरी: सूत्र उलटं वाचा

विस्तार सूत्रं आपण डावीकडून उजवीकडे पाठ करतो: कंस दिला, विस्तार लिहा. किचकट अंकगणितात बहुतेक वेळा विस्तार समोर असतो आणि कंस शोधायचा असतो. तोही आकड्यांत विरघळलेला:

(०.४३८९७६ + ०.०१३८२४) ÷ (०.५७७६ − ०.१८२४ + ०.०५७६)

छेदापासून सुरुवात करा, कारण तिथले आकडे लहान आहेत. ०.५७७६ हा ०.७६ चा वर्ग, ०.०५७६ हा ०.२४ चा वर्ग, आणि ०.७६ × ०.२४ = ०.१८२४. छेद म्हणजे अ² − अब + ब². मग अंशात घन असणारच, आणि आहेतच: ०.७६³ = ०.४३८९७६, ०.२४³ = ०.०१३८२४. अ³ + ब³ ला अ² − अब + ब² नं भागलं की अ + ब, म्हणजे १. ३० पर्यंतचे वर्ग आणि १२ पर्यंतचे घन तोंडपाठ असतील तर असे तुकडे ओळखायला मदत होते. पाढ्यांइतकंच हे पाठांतर मोलाचं आहे.

घनांचं आणखी एक सूत्र कायम सोबत असावं: अ + ब + क = ० असेल तर अ³ + ब³ + क³ = ३अबक. ३७³ + १५³ − ५२³ मध्ये ३७ + १५ − ५२ = ०, म्हणून उत्तर ३ × ३७ × १५ × (−५२) = −८६,५८०.

सूत्र उलटं वाचण्याची ताकद दाखवणारी एक खरी घटना आहे. फ्रान्समधल्या लांद्री या गणितज्ञानं १८६९ मध्ये २ चा ५८ वा घात अधिक १, या अठरा अंकी संख्येचे मूळ अवयव हातानं शोधून काढले: ५ × १०,७३,६७,६२९ × ५३,६९,०३,६८१. या प्रकारच्या दुसऱ्या कुठल्याही संख्येनं आपल्याला इतके कष्ट दिले नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलं. दोन वर्षांनी, १८७१ मध्ये, ओरिफेय या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञानं दाखवलं की त्यातला मोठा अवयव दोन ओळींत मिळतो. आधी छोटं उदाहरण पाहू. १०२४ + १ मध्ये १०२४ म्हणजे ३२². पूर्ण वर्ग करायला २ × ३२ मिळवू आणि तेवढेच वजा करू:

३२² + १ = (३२ + १)² − ६४ = ३३² − ८² = २५ × ४१

६४ हाही वर्ग निघाला, म्हणून जमलं. तसंच २ चा २९ वा घात म्हणजे त, असं धरू. २ चा ५८ वा घात अधिक १ म्हणजे त² + १ = (त + १)² − २त. इथे २त म्हणजे २ चा ३० वा घात, आणि तो २ च्या १५ व्या घाताचा, म्हणजे ३२,७६८ चा वर्ग. त = ५३,६८,७०,९१२ असल्यामुळे अवयव झाले

५३,६८,७०,९१३ − ३२,७६८ = ५३,६८,३८,१४५
५३,६८,७०,९१३ + ३२,७६८ = ५३,६९,०३,६८१

पहिल्याला ५ नं भागलं की लांद्रीचाच १०,७३,६७,६२९. लांद्रीच्या चिकाटीबद्दल मनात आदरच आहे. पण एक पद मिळवून वजा केलं असतं तर त्याच्या कामाचा मोठा भाग वाचला असता.

मुळं असतील तिथे

कॅल्क्युलेटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये असं मी म्हणतो, त्याचं सगळ्यात ठोस कारण इथे आहे. √१०,००,००१ − √१०,००,००० किती? आठ अंकी कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर पहिलं मूळ १०००.०००४ किंवा १०००.०००५ एवढंच मावतं. १००० वजा केले की ०.०००४ किंवा ०.०००५ उरतो, म्हणजे विश्वासाचा एकही पूर्ण अंक नाही. जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी केली की पुढचे बरोबर अंक कटून जातात आणि मागचे अपुरे अंक हाती राहतात. आता छेदाचं परिमेयकरण आठवा आणि ते अंशाला लावा:

√अ − √ब = (अ − ब) ÷ (√अ + √ब)

उत्तर १ ÷ २०००.०००५, म्हणजे सुमारे ०.०००४९९९९९९. कॅल्क्युलेटर तोच, पण वजाबाकीची बेरीज झाल्यामुळे अंक वाचले.

याच वाटेनं लांबलचक बेरजा कोसळतात. १/(√९ + √१०) + १/(√१० + √११) + … + १/(√१४३ + √१४४) मधलं प्रत्येक पद √१० − √९, √११ − √१० असं होतं, मधली सगळी मुळं कटतात, उरतात १२ − ३ = ९. मुळं नसलेल्या अपूर्णांकांतही हेच घडतं. १/(२ × ५) + १/(५ × ८) + … + १/(२९ × ३२) मध्ये प्रत्येक पद (१/३)(१/न − १/(न + ३)) असं फोडा. पहिला आणि शेवटचा तुकडा उरतो: (१/३)(१/२ − १/३२) = ५/३२. बाहेरचा १/३ विसरणं ही इथली सर्वांत नेहमीची चूक, म्हणून आधी एकच पद फोडून पडताळावं: १/२ − १/५ = ३/१०, त्याचा तिसरा हिस्सा १/१०, बरोबर.

मुळाच्या आत मूळ असेल, जसे √(१९ + ८√३), तर दोन अशा संख्या शोधा ज्यांची बेरीज १९ आणि गुणाकार (४√३)² = ४८ आहे. त्या १६ आणि ३. उत्तर √१६ + √३ = ४ + √३. आत वजाबाकी असेल तर चिन्ह सांभाळा: √(११ − ६√२) चं उत्तर ३ − √२ आहे. √२ − ३ चा वर्गही तोच येतो, पण ती संख्या ऋण आहे.

आणि अनुबद्ध जोडीचा हा उपयोग पाहा. (२ + √३) चा सहावा घात घेतला तर त्याचा पूर्णांक भाग किती? सोबत २ − √३ ही जोडीदार घ्या. दोघींची बेरीज ४, गुणाकार १. घनांची बेरीज ४³ − ३ × ४ = ५२. सहाव्या घातांची बेरीज ५२² − २ = २,७०२. जोडीदार सुमारे ०.२६८ आहे, तिचा सहावा घात अगदी किरकोळ, पण शून्याहून मोठा. म्हणून पूर्णांक भाग २,७०१.

चौथी पायरी: पडताळा

अक्षरांत चूक झाली तर उत्तर थोडंथोडकं चुकत नाही, पार भलतंच येतं. म्हणून अक्षरातलं सूत्र तयार झालं की त्यात आधी एखादी लहान संख्या घालून बघा. सुरुवातीच्या गणितात न = ४ घेतला तर १ × ३ × ५ × ७ + १६ = १२१, आणि न² − ५ = ११. ११² = १२१, सूत्र बरोबर.

मग शेवटच्या आकडेमोडीला नऊची कसोटी लावा, म्हणजे दोन्हीकडे ९ नं भागल्यावर सारखाच शेष उरतो का ते बघा; हा शेष अंकांची बेरीज करत गेलं की मिळतो. ४१,०४,६७१ च्या अंकांची बेरीज २३, पुन्हा बेरीज ५. त्याचा वर्ग २५, म्हणजे ७. तिकडे मुळाच्या आत २०२५ ला ९ नं भाग जातो, म्हणून गुणाकाराचा शेष ०. १६ चा शेष ७. जुळलं. एककाचा अंकही पाहा: ३ × ५ × ७ × ९ चा एकक ५, त्यात १६ मिळवून १, आणि उत्तराचा एककही १. दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर नऊची कसोटी ती पकडत नाही, म्हणून दोन्ही कराव्यात.

हात बसण्यासाठी

१. √(२०२५ × २०२९ + ४). मधली संख्या शोधा. उत्तर २०२७.

२. ८.३³ − ६.३³ − ६ × ८.३ × ६.३. शेवटच्या पदातले ६ म्हणजे ३ × २, आणि तो २ कुठून आला ते पाहा. उत्तर ८.

३. √(४,४४,४४,४४४ − ८,८८८). उत्तर ६,६६६.

४. १/(३ × ७) + १/(७ × ११) + … + १/(३९ × ४३). उत्तर १०/१२९.

५. ∛(२ + √५) + ∛(२ − √५). दोन घनमुळांचा गुणाकार इथे ऋण येतो, तो −१ आहे; तेवढं सांभाळलं की क्ष³ = ४ − ३क्ष मिळतं आणि उत्तर १.